डाव्या पायाखालचं पेडल

परण्यातली गाडी पळवायची नसते.

लग्न लागायच्या आधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो, तो परण्या. सगळ्यात पुढं नाचणारे, मग बँड, मग नवरदेवाची उघडी मोटार, मागं बाया. मोटारीनं बँडच्या पावलानं जायचं. बँड थांबला की थांबायचं. कुणी मेहुणा तोंडात रुमाल धरून नाग झाला आणि डांबरावर लोळायला लागला की थांबायचं, त्याचं लोळणं संपेपर्यंत.

खंडेराव हे थांबणं ब्रेकवर घेत नसे. ब्रेकनं गचका बसतो, नवरदेवाचं बाशिंग हलतं, करवली दाराला आपटते. सगळं काम डाव्या पायाचं. क्लच अर्धा सोडला की गाडी रांगते, पुरता दाबला की जागच्या जागी उभी. उजवा पाय रेसच्या पेडलवर नुसता टेकवलेला, इंजिन बंद पडू नये म्हणून. त्या गाडीत क्लचच्या रबरावरच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या आणि शेजारच्या ब्रेकचं रबर दुकानातून आत्ता आणल्यासारखं होतं.

गाडीच्या नाकापासून हातभर पुढं इब्राहीम मास्तर. क्लॅरनेट वाजवत, तोंड आपल्या बँडकडं, पाठ गाडीकडं. कितीतरी लगीनसराया असंच. मागं कोण आहे हे त्याला माहीत होतं.

*

गाडी कारभारीशेठची. गुलमंडीत त्यांचं दुकान. फेटे, छत्र्या, मखराच्या खुर्च्या, एक पांढरी घोडी आणि ही हिलमन, स्वातंत्र्यानंतर चार-दोन वर्षांत कधीतरी विलायतेहून आलेली. बाहेरून नटलेली, आतून दमेकरी. मे महिन्यात पावलानं चालवलं की रेडिएटर उकळायचा. खंडेराव सीटखाली पाण्याचे कॅन घेऊन बसायचा. गेल्या सराईत एका नवरदेवाला उतरून ती ढकलावी लागली, आणि त्याच्याच मित्रांनी ते मोबाईलवर घेतलं. कारभारीशेठच्या सुनेला ते माहेरून आलं.

"खंडेराव, इंजिनच बदलून टाकू," शेठ म्हणाले. "तुमचा आदिनाथ करतो ना असली कामं?"

करत होता. आदिनाथ खंडेरावचा एकुलता एक. शेंद्र्याला कंपनीत लाइनवर होता, ते सोडून त्यानं रस्त्यालाच पत्र्याचं शेड टाकलं होतं. जुन्या गाड्यांत नवी इंजिनं बसवून द्यायचा. चालती नोकरी सोडली म्हणून बाप त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा. खंडेरावचा बाप कन्नडकडं मेंढरं राखायचा. खंडेरावनं मेंढरं सोडून स्टेअरिंग धरलं तेव्हा तोही असाच कामापुरता बोलायचा. त्यांच्या घरात ती रीतच पडली होती.

म्हाताऱ्याला जुन्या इंजिनाचं दुःख झालं का? नाही. कॅन उचलून त्याची कंबर गेली होती. इंजिन साखळीवर लटकत वर आलं तेव्हा तो म्हणाला, "न्या हिला. उभ्या जल्मात बायकुला पाजलं नाय एवढं पाणी पाजलं."

त्या जागी अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन आलं. त्याच्यासोबत त्याचाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, आणि मधला लांब शाफ्ट, जो आदिनाथनं कापून आखूड केला. इंजिन दांडग्या गाडीचं, हिलमन तिच्या निम्म्या वजनाची. ब्रेक सोडला की ती आपोआप पुढं सरकायची, कुणी मागून लोटल्यासारखी.

दुःख झालं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

*

"आबा, यात आता क्लच नाय. दोनच पेडल. थांबायचं तर ब्रेक, जायचं तर रेस. डावा पाय मोकळा."

"मोकळा म्हंजी कुठं ठिवू?"

"कुठं म्हंजी? खाली ठिवा. आराम द्या त्याला."

खंडेराव दार उघडं ठेवून सीटवर बसला होता. त्यानं खाली पाहिलं. क्लच होता तिथं पत्र्याचा तुकडा मारून भोक बुजवलेलं.

"लंगड्यावानी वाटतंय," तो म्हणाला. आणि उतरला. आणि चहा न घेता बसथांब्याकडं चालायला लागला.

पुढचे काही दिवस तो शेडकडं फिरकला नाही. मग कारभारीशेठ काम बघायला आले आणि त्यांनीही वाकून पाहिलं. "हे काय, आदिनाथ? आतलं सगळं जुनंच दिसायला पाहिजे बरं का. गाड्यांच्या प्रदर्शनात लोक दार उघडून बघतात. तीन पेडल होते तर तीन दिसू दे."

"पण शेठ, तिसऱ्याला जोडायला मागं काहीच नाही."

"नको जोडू. दिसू दे."

म्हणजे शेठनं सांगितलं दिसू दे. स्प्रिंग बसव असं कुणीच सांगितलं नव्हतं. ते आदिनाथनं स्वतःहून केलं. बापाला फोन केला, म्हणाला, या एकदा, पाय मोजायचाय तुमचा.

*

"आता?"

"हलकंय. लोण्यात गेल्यावानी खाली जातंय."

"थांबा. … आता?"

"आता लई जड. ट्रक हाये का ही?"

"थांबा, थांबा. … आता?"

"वरती जरा सैल पायजे. आधी सैल, मग अर्ध्यात धरायचं तिनं."

"अर्ध्यात म्हंजी इथं?"

"जरा खाली."

"इथं?"

"…"

"आबा?"

"हां. हेच. हेच, आदिनाथ. अरं, हेच!"

"हसताय काय?"

"कसं काय जमवलं रे तू?"

"दोन स्प्रिंगा घातल्या. एकीच्या पोटात दुसरी."

"शाबास."

"नुसतं शोभेचं हाये, आबा. ध्यानात ठिवा. थांबायचं तर मधलं."

"माहितंय रे. मी काय खुळाय?"

*

त्या दिवशी बाप-लेक शेडमध्ये एका ताटात जेवले. घरून मनकर्णाबाईनं डबा दिला होता. खंडेरावनं जेवता जेवता दोनदा उठून गाडीचं दार उघडलं आणि उभ्याउभ्याच डाव्या पायानं ते पेडल दाबून पाहिलं.

मग त्यानं गाडी चालवून पाहिली. शेंद्र्याच्या कंपन्यांमधल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर. वेगात पाय आपोआप ब्रेकवर जायचा, ऐंशीवर असताना कोण क्लचनं गाडी थांबवतं? सगळं झकास. आदिनाथ शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत होता, गरम होतंय का बघत होता, शाफ्ट थरथरतोय का बघत होता.

पावलानं चालवून कुणी पाहिली नाही. पावलाच्या वेगात काय बिघडणार.

*

परण्या.

मे. चार वाजता निघायचा, पाचला निघाला. गुलमंडीच्या अलीकडची अरुंद गल्ली, वर फडफडणाऱ्या पताका, खाली डांबर मऊ पडलेलं.

इब्राहीम मास्तर गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "क्या रे खंडू, नवा इंजन डाले बोलते?"

"व्हय मास्तर. आता पाणी नको, ढकलायला माणसं नको. वास घ्या, डिझेल हाये."

"हौ, गाडी जवान हो गई. तेरेकू कब बदलते?"

"तुमाला बदलू द्या आधी. सूर फुटायलेत."

मास्तर हसला, क्लॅरनेटची जीभ ओली केली, आणि नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. हातभर पुढं. पाठ करून.

पहिली गल्ली नीट. उजवा पाय ब्रेकवर. थोडा सोडला, गाडी सरकली. दाबला, थांबली. डावा पाय शोभेच्या पेडलवर नुसता टेकवलेला, बरं वाटत होतं म्हणून. खंडेराव स्वतःशी घोकत होता. मधलं. मधलं. मधलं.

दुसरी गल्ली. मधलं.

चौक. पलीकडून दुसराच परण्या आला. दोन बँड, दोन गाणी, एकमेकांवर. इकडच्यांनी जोर केला, तिकडच्यांनी जोर केला. नवरदेव मागून ओरडतोय, "काका, वाजवू द्या त्यांना, आपण नाय हटायचं!" खंडेरावला आवडायचं हे. असा सामना त्यानं कितीदा पाहिला होता. तो खुशीत आला आणि खुशीत आल्यावर

घोकायचं राहिलं.

बँडपुढं कुणीतरी लोळलं. बँड थांबला. मास्तरपुढचा, बँडच्या स्पीकरचा गाडा थांबला. मास्तर थांबला.

उजवा पाय ब्रेकवरून उठून रेसवर जाऊन टेकला, नेहमीसारखा. डावा खाली गेला.

पेडल आधी सैल गेलं. अर्ध्यात धरलं. मग पुरतं खाली, तळाला.

गाडी चालतच राहिली.

"काका, थांबवा!"

"थांबलीय!"

"अहो थांबवा, मास्तर, मास्तर हायेत पुढं…"

"थांबलीय, थांबलीय की!"

तो खोटं बोलत नव्हता. डाव्या पायानं त्याला सांगितलं होतं की गाडी उभी आहे. त्यानं आणखी जोर लावला, सीटवरून अर्धा उठून, आणि त्या जोरात उजवाही खाली गेला. बंपर, मग मास्तरचा गुडघा, मग स्पीकरच्या गाड्याचा लोखंडी पाइप. पलीकडचा बँड वाजत होता. इकडच्यातलेही दोघं वाजवत होते, त्यांना अजून कळलं नव्हतं.

किल्ली करवलीनं बंद केली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी. शेठच्या गोदामात, ढकलून आणलेल्या गाडीपाशी. खंडेराव रात्रभर ठाण्यात बसून, ठाण्यातल्या साहेबांबरोबर थेट तिथंच आलेला.

साहेब: थांबवायला काय केलं तुम्ही?

खंडेराव: क्लच दाबला, साहेब. पुरता दाबला.

साहेब: (वाकून) बाबा, यात क्लच कुठंय?

खंडेराव: हा काय…

(डावीकडं काही नाही. नवं काळं मॅट, त्याला अजून दुकानाचा वास. बाजूला ब्रेक आणि रेस.)

खंडेराव: काल होता.

साहेब: ऑटोमॅटिकला क्लच नसतो. कोणी काम केलंय हे?

कारभारीशेठ: यांच्याच मुलानं. हा उभा आहे. आदिनाथ.

साहेब: होतं का रे इथं काही?

आदिनाथ:

साहेब: वडलांना सांगितलं होतं का, दोनच पेडल आहेत म्हणून?

आदिनाथ: सांगितलं होतं, साहेब.

साहेब: मग हे काय म्हणतायत?

कारभारीशेठ: वय झालंय, साहेब. माणूस प्रामाणिक आहे.

खंडेराव: आदिनाथ.

आदिनाथ:

*

लिहिलं गेलं ते: चालकाचा वाहनावरील ताबा सुटला.

बोललं गेलं ते: दिसत नसेल म्हाताऱ्याला. पिऊन असेल. असल्यांच्या हातात गाडी देतातच कशाला.

झालं ते: पेडल तळाला टेकलं होतं.

*

"काढलं कवा?" खंडेरावनं घरी आल्यावर विचारलं. मुकुंदवाडीतलं दोन खोल्यांचं घर, मनकर्णाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"उजाडता उजाडता. ग्राइंडर घेऊन गेलो होतो."

"कुठंय?"

"टाकलं भंगारात."

"मी साहेबापुढं खोटा पडलो."

"मग काय करायला पाहिजे होतं मी? साहेब, हे बघा, मी खोटं पेडल लावलं, असं सांगायचं? इंजिन बदललंय त्याची परवानगी अजून हातात नाही. शेडला कुलूप लागलं असतं. केस माझ्यावर आली असती. तुमचं काय गेलं? लायसन. ते तसंही संपत आलं होतं."

"आदिनाथ!" मनकर्णाबाई म्हणाली.

"खरं तेच बोलतोय, आई. अन् पेडल लावलं कुणासाठी? शेठला नुसतं दिसायला पाहिजे होतं. स्प्रिंगा मी यांच्यासाठी घातल्या. लंगड्यावानी वाटतं म्हणले म्हणून. हेच, हेच म्हणत हसत कोण होतं?"

खंडेराव खाली बसला. बराच वेळ डावा पाय हातानं चोळत राहिला.

"पोलिसाचं जाऊ दे," तो म्हणाला. "शेठचं जाऊ दे. गावानं मला पिलेला म्हणू दे. पण मास्तरला काय वाटत आसल?"

"काय वाटणार?"

"की खंड्या पेंगत होता. की खंड्यानं पाय हलवलाच नाय. आदिनाथ, मी दाबलं होतं रे. पार तळाला दाबलं होतं. एवढंच मास्तरला कळू दे. दुसऱ्या कुणाला नको. मी सांगून त्याला पटायचं नाय, पेडलच नाय म्हणल्यावर. तू सांग. मग मी या गोष्टीचं नाव काढणार नाय परत."

"नका मला त्यात ओढू, आबा."

"जा रे," मनकर्णाबाई तव्याकडं बघत म्हणाली. "एवढं कर. मग तुझं तू, त्याचं तो."

*

मास्तरला दवाखान्यातून घरी आणल्यावर ते गेले. रोशन गेटच्या मागं, गल्लीत, निळ्या दाराचं घर. आदिनाथच्या मोटरसायकलवर, खंडेरावच्या मांडीवर चिकूची पिशवी.

मास्तर पलंगावर. पायाला बाहेरून सळया, सळयांना नट. गुडघा आता वाकायचा नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. ते मास्तरची बायको ताहेरा हिनं दारातच सांगितलं, कुणाकडं न बघता. मुलगी तबस्सुम आत होती, ती बाहेर आली नाही.

खंडेराव उभाच राहिला. मास्तरनं स्टुलाकडं हात केला.

"बैठ. उभा काय राहतो, बँडवाल्यासारखा?"

खंडेराव बसला. त्याला रडू आलं.

"चल, छोड रे," मास्तर म्हणाला. "बुढ्ढे हो गए अपन. पाव फिसल गया तेरा. माझा नाही का सूर घसरत? मी पोलिसांना पण तेच बोललो, घरात पण तेच बोलतो. ये तबस्सुम, इसकू तेरे ऊपर भोत गुस्सा था. मी डांटा उसकू. म्हटलं, उसका नाम नक्को लेना. फिसल गया बिचारे का. ताहेरा, चाय."

चहा आला. खंडेरावनं कप हातात घेतला. इथंच थांबता आलं असतं. कप तोंडाला लावायचा, एक घोट घ्यायचा, पुढच्या सराईबद्दल काहीतरी बोलायचं. माफी समोर मांडून ठेवलेली होती, बशीतल्या खाऱ्या बिस्किटांसारखी. पण ती माफी घसरलेल्या पायाला होती, आणि त्याचा पाय घसरला नव्हता.

"नाय मास्तर," तो म्हणाला. "पाय घसरला नाय. आदिनाथ, सांग."

आदिनाथनं सांगितलं. चांगलं सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला काम समजावून सांगतात तसं. क्लच कसा निघाला, जागा रिकामी कशी दिसत होती, शेठ काय म्हणाले. पेडल कसं बसवलं. एका स्प्रिंगच्या पोटात दुसरी. अगदी पूर्वीसारखं लागेपर्यंत कसं जुळवलं. म्हणून आबांचा पाय फसला, चाचा. त्यांची चूक नाही. त्यांनी पुरतं दाबलं होतं. पोलीस यायच्या आत मी ते काढून टाकलं, ती माझी चूक.

तो बोलायचा थांबला. खंडेराव मास्तरच्या तोंडाकडं बघत होता. आता कळलं ना, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

"म्हणजे पेडल होतं," मास्तर म्हणाला.

"व्हय."

"पर झूठा था."

"व्हय, मास्तर."

"तुला माहीत होतं?"

"व्हय. पण…"

"तुझ्या पोराला माहीत होतं. कारभारीशेठला माहीत होतं." मास्तरनं सळयांवरून हात फिरवला. "मेरेकू?"

खंडेरावनं हातातला कप खाली ठेवला.

"मी विचारलं ना रे तुला त्या दिवशी? नवा इंजन, बोललास. डिझेल, बोललास. वास घ्या, बोललास. हे नाय बोललास."

"ते शोभेचं होतं, मास्तर. त्यात सांगण्यासारखं…"

"शोभेचं." मास्तर हळूच म्हणाला. "फिसला असता तर बरं होतं, खंडू. फिसलनेकू कोई क्या करता? मी इतके दिवस पडल्या पडल्या तेच धरून बसलो होतो. आज तू आलास अन् ते पण घेऊन चालला."

"मी दाबलं होतं, मास्तर. तुमची आण. पुरतं दाबलं होतं."

"हौ. सजावट दाबलीस तू."

ताहेरानं पुढं येऊन कप उचलले. खंडेरावच्या कपात चहा तसाच होता. तिनं तोही ट्रेमध्ये ठेवला, थोडा सांडला, तिनं पुसला नाही. मास्तरनं डोळे मिटले.

ते बाहेर आले. गल्लीत ऊन होतं. आदिनाथनं मोटरसायकलची किल्ली लावली आणि मान वर न करता म्हणाला, "सांगितलं ना मी? तुम्हीच म्हणला होता सांग."

खंडेराव काही बोलणार एवढ्यात निळं दार उघडलं. तबस्सुम. तिच्या हातात चिकूची पिशवी होती.

"काका, हे राहिलं तुमचं."

"राहिलं नाय, बाई," खंडेराव म्हणाला. "आणलेलं हाये. मास्तरसाठी."

तिनं हात मागं घेतला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. दुकानातली बाई विसरलेली वस्तू परत देते तशी ती उभी होती. खंडेरावचे हात खालीच होते.

शेवटी आदिनाथनं पिशवी घेतली आणि हँडलला अडकवली.